कॅझचा संच

संच पूर्ण झाल्यावर काय करायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंबल च्युइंगम कंपनीचा १९५८ सालचा बेसबॉल कार्डांचा संच मी गेल्या ऑक्टोबरात पुरा केला. तीनशे वीस कार्डं, दर कार्डावर एका खेळाडूचं चित्र, त्याच्या संघाचं नाव आणि नंबर; एकही नंबर गाळलेला नाही, एकाचाही कोपरा झिजलेला नाही. सरोवराकाठच्या आमच्या एरी शहराच्या पूर्व भागात अग्निशमन दलाचा हॉल आहे, तिथे महिन्यातून एका रविवारी जुन्या कार्डांचा बाजार भरतो. २११ नंबरचा लू बेकेट तेवढा राहिला होता, तो तिथेच माझ्या हाती लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी डोनट वाटले. घरी आलो, बेकेटला अल्बममध्ये बसवलं आणि खुर्चीत नुसता बसून राहिलो.

"झालं ना एकदाचं?" माझी बायको जोसी म्हणाली. "मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

मला सांगता येईना. मला वाटलं होतं, आनंद होईल. झालाही असेल, पण कुठे झाला ते सापडेना.

तसं पाहिलं तर संच १९९४ सालीच पूर्ण झाला होता. पण तो नुसता नंबर भरण्यापुरता. त्यात गोल कोपऱ्यांची कार्डं होती, मधोमध दुमडलेली होती, सायकलच्या चाकात अडकवून फडफडवलेली होती. मग आम्ही लोक जे करतो ते मीही सुरू केलं. त्याच नंबरचं जास्त चांगलं कार्ड मिळालं की ते आत घालायचं, जुनं काढून टाकायचं. याला आम्ही बढती म्हणतो. मी सत्तेचाळीस वर्षं कारखान्यात प्लास्टिकचे साचे घडवले. केसाएवढा फरक माझ्या बोटाला कळतो. कार्डावरचं चित्र उजवीकडे सरकलेलं असेल तर मला जेवण जात नाही. तेव्हा ही बढती माझ्या बाबतीत तीस वर्षं चालली.

संच मुळात माझा नव्हताच. तो माझ्या भावाचा, कॅझचा. पुरं नाव कॅझिमिर ग्राबोव्स्की, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. अठ्ठावन्न साली तो बारा वर्षांचा होता आणि मी आठचा. किंबलच्या पाकिटात च्युइंगमची एक पट्टी आणि पाच कार्डं यायची. गम मी खायचो, कार्डं तो ठेवायचा. पुढे मोठा होऊन तो सरोवराच्या धक्क्यावर कामाला लागला आणि त्र्याहत्तर साली तिथेच क्रेनखाली सापडून गेला. सत्तावीस वर्षांचा होता. मागे बायको आणि तीन वर्षांची पोर, लोरेन. वहिनी पोरीला घेऊन ओरेगनला माहेरी गेली ती परत आली नाही. जाताना सिगारची दोन खोकी माझ्या हातात ठेवली. "क्लेम, ही त्याची कार्डं. तू टाकणारा नाहीस," म्हणाली. खोक्यांत ऐंशी-नव्वद नंबर कमी होते. ते मी भरून काढणार, असं मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं.

लोरेनचा फोन आला नोव्हेंबरात. आवाज ओळखीचा वाटावा असं काही नव्हतं, तीन वर्षांची असताना पाहिलेली. आता ती चोपन्नची.

"क्लेमकाका, आई गेल्या हिवाळ्यात गेली," ती म्हणाली. "घर आवरलं. बाबांचे चार फोटो निघाले, बाकी काही नाही. त्यांच्या हातचं एक अक्षरही नाही माझ्याकडे. आई नेहमी म्हणायची, मी डावखुरी आहे ती बाबांवर गेलेय. आणि म्हणायची, लहानपणी दर हिवाळ्यात बाबा पेन घेऊन बसायचे आणि कार्डांवरच्या संघांची नावं बदलायचे. खरं का हो?"

"अगदी खरं," मी म्हणालो.

ते खरंच होतं. हिवाळ्यात क्लब आपापसात खेळाडूंची अदलाबदल करतात. रेडिओवर बातमी आली की आम्ही पोरं कार्डावरचं जुन्या संघाचं नाव खोडून नवं लिहायचो. देशभरातली पोरं हेच करायची. कार्ड खोटं बोलता कामा नये, असं कॅझ म्हणायचा.

"मला सगळी नकोत," लोरेन म्हणाली. "एकच द्या. ज्यावर त्यांनी लिहिलंय असं. आहेत ना अजून बाबांची कार्डं तुमच्याकडे?"

"आहेत म्हणजे? सगळी आहेत. ये तू."

मी हे अगदी छाती फुगवून बोललो. खोटं बोलतोय असं मला त्या वेळी वाटलंही नाही. फोन ठेवला आणि एखादं बरं अक्षर निवडून ठेवावं म्हणून चारही अल्बम टेबलावर घेतले. पानं उलटू लागलो. एक नंबरपासून तीनशे वीसपर्यंत. पांढऱ्याशुभ्र कडा, चारही कोपरे टोकदार. शाईचा ठिपका नाही. परत पहिल्यापासून उलटली. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते डोक्यात शिरेना. पाच मिनिटांनी शिरलं.

शाई लागलेलं कार्ड म्हणजे सगळ्यात खराब कार्ड. बढती द्यायची तर सुरुवात कुठून करणार? तिथूनच. कॅझने हात लावलेली कार्डं मी सर्वांत आधी बाहेर काढली होती.

जोसी कोबी चिरत होती. मी तिला सांगितलं. ती सुरी खाली ठेवून बघत राहिली.

"मग त्या अल्बममध्ये काय आहे?"

"कॅझचा संच."

"कॅझचं काय आहे त्यात?"

"नंबर," मी म्हणालो. मग मलाच ते ऐकवेना. "म्हणजे, संच त्याचाच आहे. कार्डं तेवढी बदलली."

"किती बदलली?"

"सगळी."

"क्लेम," ती म्हणाली, "मी तुला शहाणा समजून लग्न केलं."

त्या आठवड्यात मला नीट झोप नाही. मी एवढी वर्षं सांभाळलं काय आणि टाकलं काय, याचा मेळ लागेना. सांभाळत असताना टाकत होतो, की टाकत असताना सांभाळत होतो? साच्याचं काम सरळ असतं. चुकलं तर कुठे चुकलं ते दाखवता येतं. इथे तर एकेक पायरी बरोबर होती. दर वेळी वाईट जाऊन चांगलंच आलं होतं, आणि शेवटी हातात हे!

डिसेंबरातल्या बाजाराच्या रविवारी मी हॉल उघडायच्या आधीच दारात उभा राहिलो. ड्यूई पिंकनी टेबल लावत होता. जन्मभर शाळेची बस चालवली, आता जुनी कार्डं विकतो. काढून टाकलेलं प्रत्येक कार्ड मी त्याच्याच गळ्यात मारत आलो होतो.

"ड्यूई, शाईची किंबल आहेत का तुझ्याकडे? लिहिलेली, खोडलेली?"

ड्यूईने चष्मा कपाळावर चढवला. "परत बोल."

"शाई लागलेली कार्डं हवीत."

"अरे, या रे सगळे!" तो ओरडला. "क्लेम ग्राबोव्स्की घाण कार्डं मागतोय! ज्याने माझं मिकी टॉलमनचं कार्ड पाचदा परत केलं, का तर म्हणे पाठीवर श्वास लागलाय!"

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, संच पूर्ण झाला की माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, आमच्या मेहुण्याचं हेच झालं. मी हसलो नाही तेव्हा ड्यूईने मला बाजूला घेतलं. मी त्याला लोरेनचं सांगितलं. त्याने टेबलाखालून तीन खोकी ओढून काढली.

"ही विकत कोणी घेत नाही, म्हणून राहिलीत. दर महिन्याला आणतो, परत नेतो. पाठ धरली माझी." मग जरा थांबून म्हणाला, "तू देताना काय म्हणालास आठवतंय? 'ही घाण एकदाची घरातून गेली,' असं."

मला आठवत नव्हतं. पण मी तसं म्हणालो असणार, यात शंका नाही.

तीन खोकी धुंडाळायला दोन तास गेले. शाईची अकरा किंबल निघाली. ड्यूईकडे काय फक्त मीच देत होतो असं नाही, आख्ख्या गावातली अडगळ त्याच्याकडे येते. सात कार्डांवर वेडंवाकडं गिचमिड होतं, खोडताना पेन पार चित्रातल्या खेळाडूच्या हनुवटीपर्यंत गेलेलं. कॅझचं असलं तर यातलंच. उरलेल्या चारांवर मात्र जुनं नाव पट्टी लावून दोन सरळ रेघांनी खोडलेलं होतं, रेघांमधलं अंतर दोन्ही टोकांना अगदी सारखं. नवं नाव वर छापल्यासारखं. म्हटलं, हा कोणी तरी किरकिरा पोरगा दिसतोय, खेळायचं सोडून पट्टी घेऊन बसलेला.

"ही चार नकोत," मी म्हणालो.

"घे रे, घेऊन जा. तेवढीच माझी पाठ हलकी."

घरी येऊन ती चार मी फळांच्या टोपलीशेजारी टाकली आणि सात कार्डं दिव्याखाली मांडली. भिंग घेतलं. 'डेट.' म्हणजे डेट्रॉइट. 'शिकागो.' 'फिला.' कॅझचं कोणतं? मी एकेक अक्षर डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं. आणि मग मला समजलं की कॅझचं अक्षर कसं होतं तेच मला आठवत नाही. मी त्या कार्डांकडे वर्षानुवर्षं भिंगातून पाहिलं होतं, पण पाहिला होता तो डाग. अक्षर वाचलंच नव्हतं.

"एखादं पत्र असेल त्याचं तुझ्याकडे," जोसी म्हणाली.

"एकाच खोलीत झोपायचो आम्ही. तो मला पत्र कशाला लिहील?"

लोरेन शनिवारी दुपारी आली. बाहेर सरोवरावरून आलेला बर्फ भुरभुरत होता. उंच, केस पिकलेले, आणि कोट काढून खुंटीला लावायची पद्धत हुबेहूब कॅझची, बाहीला धरून. जोसीने कॉफी दिली, लोरेनने कप डाव्या हाताने उचलला.

मी सातही कार्डं तिच्यापुढे ठेवली. खरं तेच सांगायचं असं रात्री ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "यातलं एक निवड," म्हणालो.

ती वाकून पाहत राहिली. "पण काका, ही अक्षरं एकासारखी एक नाहीत. सगळी बाबांची आहेत?"

"सगळी नसतील."

"मग कुठलं आहे? हे?"

"असेल."

"की हे?"

"तेही असेल."

तिने मान वर केली. "तुम्हाला माहीत नाही का?"

मग मी सांगितलं. बढती, ड्यूईची खोकी, सगळं. बोलताना मध्येच मला वाटायचं की हे ऐकणाऱ्याला पटेल, आणि वाक्य संपेपर्यंत मलाच पटायचं नाही. लोरेनने कप बाजूला सरकवला. शेवटी हळूच म्हणाली, "आई म्हणायची, क्लेम टाकणारा नाही. पन्नास वर्षं म्हणायची." तिने ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

जोसीने तिच्यापुढे एक जुनं पाकीट आणि पेन सरकवलं. "पोरी, तू डेट्रॉइट लिही बघू. बापलेकीचं अक्षर जुळतं कधी कधी." लोरेनने लिहिलं. आम्ही तिघांनी डोकी एकत्र करून पाहिलं. दोन कार्डांशी थोडं जुळलं, म्हणजे जुळवायचं ठरवलं तर जुळलं. लोरेन एकदा या कार्डाला बोट लावी, एकदा त्याला. डोळे भरलेले, पण रडावं तर कोणत्या कार्डावर हेही तिला कळत नसावं.

"आणि ही कुणाची?" जोसीने टोपलीशेजारची चार कार्डं उचलली.

"ती सोड. ती कोणा किरकिऱ्या पोराची आहेत. पट्टी लावून खोडलंय बघ, दोन-दोन रेघा."

जोसीने एक कार्ड उजेडात धरलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा कार्डाकडे.

"क्लेम, तू वाण्याची यादी करतोस ना, त्यात एखादी वस्तू कशी खोडतोस?"

फ्रिजवर लावलेल्या यादीत साखरेवर पट्टी लावून मारलेल्या दोन रेघा होत्या.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" ती म्हणाली. "अरे, या एरीत इतका किरकिरा पोरगा दुसरा कोण होता?"

मी कार्ड घेतलं. नंबर ८७, जो हॅडली. क्लीव्हलँडवर दोन रेघा, वर कॅन्सस सिटी. आणि एकदम आमचं स्वयंपाकघरातलं टेबल आठवलं, त्यावरचं मेणकापड, शाळेची धातूच्या कडेची लाकडी पट्टी. कॅझला शाळेत शिकवणाऱ्या नन डाव्या हाताने लिहू देत नसत, बोटांच्या पेरांवर फटके बसत. उजव्याने त्याला जमत नसे. मग लिहायचं म्हटलं की तो तोंड फिरवायचा. घरीसुद्धा. "तू लिही रे क्लेम, तुझं छापल्यासारखं येतं. मी सांगतो." रेडिओ तो ऐकायचा. कोण कुठे गेला ते तो सांगायचा. पेन त्याचं, कार्डं त्याची, हुकूम त्याचा. लिहिणारा मी.

हे मी कसं विसरलो? बहुतेक तो गेल्यावर त्या टेबलावरचं सगळंच मी त्याला देऊन टाकलं. माझ्या वाटचं काही ठेवलंच नाही.

"लोरेन," मी म्हणालो, "हे माझं अक्षर आहे. सगळी मीच लिहायचो. त्याने कधी लिहिलं नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"म्हणजे तुम्ही काही टाकलंच नाहीत," ती म्हणाली. "मुळात नव्हतंच."

माझ्या डोक्यावरून ओझं उतरायला हवं होतं. उतरलं नाही, उलट वाढलं. ती ओरेगनहून एवढ्या लांब आली होती, आणि मी तिला सांगत होतो की जे मी हरवलं ते कधी नव्हतंच. हे जास्त वाईट की कमी वाईट, देव जाणे. मी काही सुचेना म्हणून हातातलं कार्ड उलटसुलट करत होतो, आणि सवयीने डाग शोधत होतो. डाग होता. खालच्या डाव्या कोपऱ्यात, निळा, गोलसर, पुसट, आत बारीक रेषांची वळणं.

तेही आठवलं, कारण त्यावरून मी कॅझला लाथ मारली होती.

"पट्टी हलू नये म्हणून तो दाबून धरायचा," मी म्हणालो. "डाव्या हाताने. मी रेघ मारली की लगेच पट्टी उचलायचा, शाई वाळायची वाट बघायचा नाही. अंगठा भरायचा आणि मग कार्डावर. मी किंचाळायचो. हा बघ. हा त्याचा अंगठा आहे."

लोरेनने कार्ड माझ्या हातून घेतलं नाही, जवळजवळ ओढलं.

"तुमचा नसेल कशावरून?"

"माझा?" मी म्हणालो. "ओल्या शाईला मी हात लावीन? अजून लावत नाही."

जोसी म्हणाली, "हे मात्र मी चर्चमध्ये जाऊन शपथेवर सांगेन."

लोरेन हसली आणि हसतानाच रडू लागली. मग तिने कार्ड टेबलावर ठेवलं आणि आपला डावा अंगठा त्या डागावर टेकवला. तिचा अंगठा मोठा होता. डाग त्याखाली पुरता झाकून गेला, चहूबाजूंनी नुसता तिचाच अंगठा दिसत होता. चोपन्न वर्षांच्या बाईच्या अंगठ्याखाली बारा वर्षांचा बाप.

तोवर माझ्या हातांनी नेहमीचं काम केलं होतं. खणातून प्लास्टिकचं नवं पाकीट काढून, तोंड उघडून मी तयार उभा होतो. माणसाच्या बोटाला घाम असतो, त्याने शाई जाते, हे मी शंभर जणांना सुनावलेलं आहे. तिला सांगायला तोंडही उघडलं. पण ती अंगठा उचलेना, आणि मला तिला उचल म्हणवेना.